स्वस्त लायसन्स, कॉलेजचं नाव आणि आमचे १,१९,६५२ रुपये

मायक्रोसॉफ्ट ३६५ ची लायसन्स स्वस्तात विकणाऱ्या एकाने आमच्या छोट्या कंपनीला फसवलं, त्याची ही गोष्ट. रक्कम आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. १६ माणसं, प्रत्येकी वर्षाला ५,४०० रुपये, म्हणजे ८६,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,५५२. झाले १,०१,९५२. नंतर त्याच माणसाने 'डेटा मायग्रेशन'च्या, म्हणजे डेटा दुसरीकडे हलवण्याच्या नावाखाली आणखी १७,७०० उकळले. एकूण १,१९,६५२. आमच्यासारख्या कंपनीत एवढ्यात दोन नव्या पोरांचे पगार निघतात.

आमचं ऑफिस म्हणजे पुण्यातली एक खोली. बाकी टीम नाशिक, कोल्हापूर, सावंतवाडी, म्हापसा अशी विखुरलेली. सुरुवातीला सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. मग चॅटसाठी स्लॅकचं फुकट खातं घेतलं, तर ९० दिवसांपूर्वीचं बोलणं दिसेना. झूम ४० मिनिटांनी कॉल तोडायचा. त्यातच एका मोठ्या ग्राहकाने सांगितलं, स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे कंपनीच्या वेबपत्त्याचा मेल नसेल तर करार नाही. म्हणून मेल, चॅट-कॉलसाठी टीम्स आणि फायली ऑनलाइन ठेवायला वनड्राइव्ह एकत्र मिळतं ते मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता आणि आजही आम्ही तेच वापरतो. चुकला तो विकणारा.

एका उद्योजकांच्या ग्रुपवर त्याचं नाव आलं. 'अधिकृत पार्टनर', बल्क लायसन्स, वेबसाइटवरच्या दरापेक्षा बरंच स्वस्त. स्वस्त आहे म्हणून हुरळून गेलो असं कुणी समजू नये. आम्ही जीएसटी बिल मागितलं, त्याने लगेच पाठवलं. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून पाहिला, 'ॲक्टिव्ह' दिसला. एवढं तरी किती जण करतात? पण नंबर चालू असणं वेगळं आणि तो बिलावरच्या माणसाचाच असणं वेगळं. पोर्टलवर कायदेशीर नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. आमच्या बिलावरचा नंबर कुणा भलत्याच दुकानदाराचा निघाला. ते बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, कधी आलंच नाही, त्यामुळे त्यावरचे १५,५५२ आणि नंतरच्या १७,७०० मधले जीएसटीचे २,७०० मिळून १८,२५२ रुपयांचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावटही गेली. सीएने हे वार्षिक हिशेबाच्या वेळी सांगितलं. महिन्याच्या महिन्याला २बी बघणारा सीए असेल तर त्याला जपा.

आता त्या क्षणाबद्दल. तो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

सेटअपच्या दिवशी त्याने डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला सांगितला. 'एमएस=एमएस' आणि पुढे आकडे. तो टाकला की डोमेन एका टेनंटला, म्हणजे संस्थेच्या मायक्रोसॉफ्टकडच्या जागेला, बांधलं जातं. इथपर्यंत सगळं रीतसर. खाती सुरू झाली आणि टीम्स उघडल्यावर कोपऱ्यात संस्थेचं नाव दिसलं, ते आमचं नव्हतं. कुठल्यातरी कॉलेजचं होतं. आमच्या कोल्हापूरच्या मुलीने त्याच दिवशी विचारलं, "ताई, आपण कॉलेजात ॲडमिशन घेतली का?" सगळे हसलो. मी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, ते बॅकएंडचं नाव आहे, बल्क लायसन्सला तसंच दिसतं." ग्लोबल ॲडमिन, म्हणजे सगळ्या खात्यांची किल्ली कुणाकडे, हेही विचारलं होतं मी. त्यावर उत्तर आलं, "तो आमच्याकडेच राहू दे, काही अडलं तर रात्री दोनलाही फोन करा, सोडवून देतो." आणि खरंच सोडवून द्यायचा! पासवर्ड विसरला की पाच मिनिटांत नवा. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं, ग्राहक डोक्यावर बसला होता, आणि समोरचा माणूस फोन उचलत होता. अशा माणसावर कोण संशय घेईल?

खातं उघडून सबस्क्रिप्शन्समध्ये गेलं की लायसन्सचं नाव दिसतं. आमच्याकडे तिथे 'ऑफिस ३६५ ए१ फॉर फॅकल्टी' असं होतं. ए१ हा पात्र शिक्षणसंस्थांना फुकट मिळणारा प्रकार आहे. म्हणजे कॉलेजच्या टेनंटमधलं फुकटचं लायसन्स त्याने आम्हाला ५,४०० ला विकलं, त्यावर जीएसटीही लावला! खरा पार्टनर तुम्हाला एक दुवा पाठवतो, तो तुम्ही मंजूर करता आणि टेनंट तुमच्याच नावावर राहतो. 'आमच्या टेनंटमध्ये तुम्हाला जागा देतो' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

दिवाळीआधी घेतलं आणि होळीच्या सुमारास एका सकाळी कुणाचंच लॉगिन चालेना. कॉलेजने आपल्या टेनंटची झाडाझडती घेतली आणि अनोळखी खाती उडवून टाकली. यात त्यांची चूक नाही. विकणारा पठ्ठ्या म्हणाला, "सर्व्हर बदलतोय, मायग्रेशनचे १५,००० अधिक जीएसटी भरा, संध्याकाळपर्यंत सगळं परत." पैसे भरले आणि फोन बंद. फायली लॅपटॉपवर आहेत या भरवशावर आम्ही होतो, पण वनड्राइव्हमध्ये ज्या फायलीपुढे ढगाचं चिन्ह असतं ती लॅपटॉपवर नसतेच, नुसतं नाव असतं. दुसरीकडे नवीन टेनंट घ्यावा तर आमचंच डोमेन जोडता येईना, कारण एक डोमेन एका वेळी एकाच टेनंटमध्ये राहतं. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे जावा ती नोंद बदलून नवे मेल दुसऱ्या मेलसेवेकडे वळवले, एवढंच हातात होतं.

आता यंत्रणेचं ऐका. काढून टाकलेलं खातं ३० दिवस परत आणता येतं. कॉलेजचा माणूस सरळ होता. म्हणाला, "पोलिसांचं पत्र आणा, मी परत चालू करून डेटा देतो." एक पत्र. तेवढंच हवं होतं. १७,७०० ताजे होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवली, पण तोवर रक्कम पुढच्या खात्यात सरकली होती. मग पोलीस ठाणं. "खाती इतके महिने चालली ना मॅडम? मग फसवणूक कसली? हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा." सायबर विभागात गेले, तर त्यांनी आधी स्थानिक ठाण्यात जायला सांगितलं. स्थानिक म्हणाले, पैसे घेणाऱ्याचं खातं दुसऱ्या राज्यात आहे, तिकडे जा. अरे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं. त्यावर उत्तर काय, तर आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करू शकतात आणि साहेब बंदोबस्ताला आहेत. बंदोबस्त संपला, मग साहेब रजेवर. एक ओळीचं पत्र लिहायला कुणाला सवड झाली नाही, आणि ३० दिवस उलटून गेले. डेटा चोराने नाही घालवला, त्या टेबलांनी घालवला, असं मी चारचौघांत म्हणते आणि म्हणत राहणार.

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा अनधिकृत व्यवहारांचा नियम लागू नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडते, तिथेही वाद घालावा लागेल. म्हणजे माणूस म्हणून फसले असते तर ग्राहक, कंपनी म्हणून फसले तर कुणीच नाही. ठाण्यात दाद लागत नसेल तर वेळ घालवू नका, लेखी तक्रार पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. तेही त्याच कलमात आहे, आणि मला ते उशिरा कळलं.

तुमचंही कुणी 'पार्टनर'ने स्वस्तात करून दिलं असेल तर आज रात्रीच लायसन्सचं नाव बघा. ए१ दिसलं किंवा संस्था भलतीच दिसली, तर आधी सगळ्या फायली आणि मेल उतरवून घ्या, मगच त्याला फोन लावा. आधी फोन केलात तर बटण त्याच्या हातात आहे.