रस्टमध्ये टीसीपी कनेक्शन सांभाळायची कशी: थ्रेड, टोकियो की मायो?

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत टीसीपी सर्व्हर (नेटवर्कवरून कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतला की पहिला निर्णय हाच असतो. प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा) द्यायचा, टोकियो ही लायब्ररी घेऊन असिंक, म्हणजे थोड्या थ्रेडवर अनेक कनेक्शन आळीपाळीने सांभाळणारा कोड लिहायचा, की मायो ही त्याखालची लायब्ररी वापरून ईपोलच्या (कोणतं सॉकेट तयार आहे ते सांगणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) जवळ जायचं? यावरची बहुतेक चर्चा 'किती कनेक्शन झेपतील' या आकड्याभोवती फिरते. माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: कनेक्शन संपवायचं कोणी, कधी आणि कशावरून? सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, उघडणं तिन्ही पद्धतींत सोपं आहे. खरा फरक कळतो तो सॉकेट बंद करताना.

बोलणं हवेत राहू नये म्हणून दोन कामं डोळ्यांसमोर ठेवू. पहिलं, साखर कारखान्याच्या आवारातल्या वजनकाट्यांचे आकडे एका मशीनवर गोळा करणारा प्रोग्रॅम: आठ-दहा कनेक्शन, सगळी आतल्याच नेटवर्कवर. दुसरं, ट्रक आणि बसमधल्या जीपीएस यंत्रांकडून ठावठिकाणा घेणारा सर्व्हर: हजारो कनेक्शन, बराच वेळ गप्प बसलेली, मोबाइल नेटवर्कवरून येणारी आणि कधीही तुटणारी.

तिन्हीकडे सारखं काय

रस्टमध्ये टीसीपी-स्ट्रीम हे मालकी असलेलं मूल्य आहे. ते स्कोपबाहेर गेलं की ड्रॉप (आवराआवरीचा कोड) आपोआप चालतो आणि डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा सिस्टमकडचा क्रमांक) बंद होतो. सी-मध्ये क्लोज विसरलं की डिस्क्रिप्टर गळतो. दोनदा क्लोज केलं तर त्याहून वाईट घडतं, कारण तोच क्रमांक मधल्या काळात दुसऱ्या कनेक्शनला मिळालेला असू शकतो आणि तुम्ही तिसऱ्याचंच सॉकेट बंद करता. ही दुसरी चूक सुरक्षित रस्टमध्ये करता येत नाही. सॉकेटवर क्लोज-ऑन-एक्झेकही आपोआप लागतो, त्यामुळे चाइल्ड प्रोसेसकडे डिस्क्रिप्टर नकळत जात नाहीत.

पण ड्रॉप चालण्यासाठी मूल्याचं आयुष्य संपावं लागतं. एखादा थ्रेड रीडवर अडकून बसला असेल, किंवा स्ट्रीम एखाद्या हॅशमॅपमध्ये (नावावरून नोंद शोधायच्या यादीत) पडून असेल, तर कंपायलर काहीही म्हणणार नाही आणि कनेक्शन उघडंच राहील. मालकीचे नियम मेमरीची काळजी घेतात. समोरचं यंत्र अजून जिवंत आहे का, हे त्यांना कळत नाही.

उघड्या डिस्क्रिप्टरची मर्यादाही तिन्हीकडे आडवी येते. लिनक्सवर ती प्रत्येक प्रोसेसला सहसा 1024 असते. ती संपली की ॲक्सेप्ट (नवं कनेक्शन स्वीकारणारा कॉल) लगेच एरर देतो, पण नवं कनेक्शन रांगेतच राहतं. अशा वेळी लूप न थांबता पुन्हा ॲक्सेप्ट करत राहिला तर एक कोअर 100 टक्क्यांवर जातो आणि काम शून्य. म्हणून एरर आल्यावर थोडं थांबायचं. त्याहून चांगला उपाय म्हणजे किती कनेक्शन घ्यायची ते आधीच ठरवायचं आणि तेवढी झाली की ॲक्सेप्टच करायचं नाही.

एका कनेक्शनला एक थ्रेड

या पद्धतीला बाजारात उगाच कमी लेखलं जातं. कोड वरून खाली वाचता येतो, डीबगरमध्ये प्रत्येक कनेक्शनचा स्टॅक सरळ दिसतो, आणि नेहमीची ब्लॉकिंग डेटाबेस लायब्ररी काही न बदलता चालते. बाहेरचं एकही क्रेट (रस्टमधली लायब्ररी) लागत नाही.

मेमरीची भीतीही थोडी जास्तच घातली जाते. रस्ट नव्या थ्रेडसाठी 2 एमआयबी स्टॅक राखून ठेवतं, म्हणजे 10,000 थ्रेडना सुमारे 20 जीबी. पण हा फक्त पत्त्यांचा आकडा आहे. खरी मेमरी स्टॅकची जी पानं वापरली जातात तेवढीच लागते. बहुतेक वेळा मर्यादा वेगळीकडेच लागते: सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसला टास्कची, म्हणजे प्रोसेस आणि थ्रेड मिळून, कमाल संख्या असते, आणि ती गाठली की नवा थ्रेड तयार होत नाही. अशा वेळी थ्रेड-स्पॉन पॅनिक करतो, म्हणजे एरर परत न देता तिथेच कोसळतो. म्हणून सर्व्हरमध्ये थ्रेड-बिल्डर वापरा, तो एरर परत देतो आणि ती हाताळता येते.

अडचण सुरू होते ती कनेक्शन बाहेरून तोडायची वेळ आली की. समजा एक थ्रेड वाचतोय आणि दुसऱ्याला त्याच सॉकेटवर लिहायचंय. पुष्कळ जण ट्राय-क्लोन करतात. त्यातून डिस्क्रिप्टरची दुसरी प्रत तयार होते, आणि दोन्ही ड्रॉप होईपर्यंत कनेक्शन बंद होत नाही. लिहिणारा थ्रेड संपला तरी वाचणारा रीडवर तसाच बसलेला असतो. त्याला उठवायचं तर शटडाउन मुद्दाम बोलवावं लागतं. काही जण स्ट्रीम म्युटेक्समध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणाऱ्या कुलपात) घालतात, आणि वाचणारा थ्रेड लॉक धरूनच थांबल्यामुळे लिहिणाऱ्याला कधी संधीच मिळत नाही. इथे म्युटेक्सची गरजच नसते: टीसीपी-स्ट्रीमच्या साध्या रेफरन्सवरही रीड आणि राइट चालतात, त्यामुळे आर्कमध्ये (थ्रेडमध्ये वाटून घेता येणाऱ्या मालकीत) ठेवलेला स्ट्रीम पुरतो. मात्र एकाच वेळी दोन थ्रेडनी लिहायचं नाही, नाहीतर मेसेज एकमेकांत मिसळतील.

वेळेची मर्यादा हा दुसरा कच्चा दुवा. सेट-रीड-टाइमआउट प्रत्येक रीडला लागू होतो, पूर्ण मेसेजला नाही. दहा सेकंदांची मर्यादा घातली आणि समोरच्याने दर नऊ सेकंदांनी एकच बाइट पाठवला, तर ते कनेक्शन तासन् तास टिकेल आणि तुमचा एक थ्रेड त्याच्यापायी अडकून राहील. मेसेज सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून दरवेळी उरलेला वेळ काढावा लागतो, आणि उरलेला वेळ शून्य झाला तर टाइमआउट शून्य ठेवता येत नाही, ती एरर धरली जाते. वेळ संपल्यावर युनिक्सवर सहसा वुड-ब्लॉक प्रकारची एरर येते आणि विंडोजवर टाइम्ड-आउट येऊ शकते, म्हणून दोन्ही तपासायच्या.

सर्व्हर नीट थांबवणंही असंच हाताने. मुख्य थ्रेड ॲक्सेप्टवर अडकलेला असताना 'आता थांब' असं त्याला सांगायचा सरळ मार्ग स्टँडर्ड लायब्ररीत नाही. काही जण आपल्याच पोर्टला कनेक्ट करून त्याला उठवतात, तर काही लिसनर नॉन-ब्लॉकिंग करून मधूनमधून पाहतात. काम होतं, पण दोन्ही जुगाडच.

वजनकाट्यांच्या कामाला यातलं फार थोडं आड येतं. संख्या ठरलेली, यंत्रं ओळखीची, बोलणं एकाच दिशेने. तिथे थ्रेडच घ्या, आणि असिंक नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

टोकियो

हजारो कनेक्शनचा प्रश्न जुना आहे. डॅन केगेल यांनी 1999 मध्ये त्याला 'सी10के' (दहा हजार कनेक्शन) असं नाव दिलं. फ्रीबीएसडीत केक्यू (ईपोलसारखीच सोय) आणि लिनक्समध्ये ईपोल त्याच सुमारास पुढे आले. रस्टमध्ये मात्र हे सहज लिहिता यायला 2019 उजाडलं. नोव्हेंबरमध्ये 1.39 आवृत्तीत असिंक-अवेट स्थिर झालं, आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये टोकियो 1.0 आलं.

टोकियो म्हणजे वेग, असं ऐकून ते घेऊ नका. थोड्या कनेक्शनवर थ्रेड तितक्याच जोमाने चालतात. टोकियो घ्यायचं ते कनेक्शन संपवण्याची नीट सोय आहे म्हणून. टाइमआउट पूर्ण मेसेजच्या फ्युचरभोवती (अजून पूर्ण व्हायच्या असिंक कामाभोवती) गुंडाळता येतो, त्यामुळे एकेक बाइट पाठवणारा ठरल्या वेळी बाहेर पडतो. सिलेक्ट वापरून एकच टास्क (टोकियो चालवतं ते हलकं काम, थ्रेड नव्हे) सॉकेट, बाहेरून येणारा आदेश आणि थांबायचा संकेत या तिघांकडे एकदम लक्ष ठेवतं. सगळी टास्क जॉइन-सेटमध्ये ठेवली तर तो सेट ड्रॉप होताच आतली टास्क रद्द होतात आणि त्यांची सॉकेटही बंद होतात. सेमाफोर (मोजकेच परवाने देणारी यंत्रणा) घेऊन मगच ॲक्सेप्ट करायचं ठरवलं की कनेक्शनच्या संख्येची मर्यादा दोन ओळींत बसते. सिस्टमडी सर्व्हिस थांबवताना सहसा 90 सेकंद देतं आणि मग प्रोसेस मारून टाकतं. तेवढ्या वेळात चालू मेसेज संपवून बाहेर पडणं टोकियोत लिहिता येतं, आणि लिहिल्यावर वाचताही येतं.

वाचणं आणि लिहिणं वेगळं करायला इन्टू-स्प्लिट आहे. लिहिणारा अर्धा भाग ड्रॉप झाला की टोकियो लिहिण्याची दिशा बंद करतं आणि समोरच्याला ते कळतं. ट्राय-क्लोनच्या अगदी उलट वागणूक, म्हणून थ्रेडवरून इकडे येणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पाहून घ्यावी.

याची किंमत आहे, आणि ती चुकवावी लागते. पहिली म्हणजे रद्द होण्याची सुरक्षितता. सिलेक्टमध्ये एक फांदी जिंकली की बाकीची फ्युचर अर्ध्यावर टाकली जातात. साधं रीड असं टाकलं तर काही हरवत नाही. रीड-एक्झॅक्ट टाकलं तर त्याने आधीच घेतलेले बाइट हरवतात आणि पुढचा प्रत्येक मेसेज सरकलेला दिसतो. राइट-ऑलचंही तसंच: किती गेलं ते कळतच नाही. कंपायलर यातलं काहीही पकडत नाही, आणि चाचणीतही ही चूक क्वचितच दिसते, कारण लोकल नेटवर्कवर मेसेज बहुधा अखंड येतो. उपाय असा की बफर सिलेक्टच्या बाहेर ठेवायचा, आत फक्त रीड करायचं आणि मेसेज पूर्ण झाला का ते बफरवरून ठरवायचं.

दुसरी किंमत ब्लॉकिंग कामाची. टोकियो सहसा जितके कोअर तितके वर्कर थ्रेड चालवतं. चार कोअरच्या मशीनवर चार टास्कनी ब्लॉकिंग डेटाबेस कॉल केला तर उरलेली हजारो कनेक्शन खोळंबतात. असं काम स्पॉन-ब्लॉकिंगकडे द्यायचं. त्याचीही मर्यादा मुळात 512 थ्रेडची आहे, म्हणून सगळंच तिथे ढकलून चालत नाही. टास्कमधून डेटा नेताना 'सेंड' (डेटा दुसऱ्या थ्रेडवर नेता यावा) आणि 'स्टॅटिक' (त्यात उसना रेफरन्स नसावा) या कंपायलरच्या अटींशी झगडा होतो, तो पहिल्या काही आठवड्यांत निवळतो.

घाटातलं कनेक्शन

जीपीएसच्या कामातला सगळ्यात मोठा त्रास अर्धवट मेलेल्या कनेक्शनचा असतो. ट्रक कसारा घाटात शिरला, रेंज गेली, आणि यंत्राकडून कनेक्शन बंद केल्याचा निरोप आलाच नाही. सर्व्हरच्या लेखी कनेक्शन अजून उघडंच. लिनक्समध्ये टीसीपी कीप-अलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का याची विचारणा, मुळात बंद असतो. चालू केला तरी पहिली विचारणा दोन तासांनी होते, आणि मग 75 सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. आपण काही लिहिलं तर लगेच एरर येईल, असंही नाही. कर्नल पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि सहसा पंधरा मिनिटांच्या आसपास हार मानतं.

स्टँडर्ड लायब्ररीत कीप-अलाइव्हची सोय नाही, त्यासाठी सॉकेट2 हे क्रेट लागतं. मी मात्र भरवसा ॲप्लिकेशनच्या पातळीवरच्या ठोक्यांवर ठेवते. यंत्र दर 30 सेकंदांनी काही ना काही पाठवत असेल, तर दोन मिनिटं शांतता झाली की कनेक्शन तोडायचं. टोकियोत याला एक टाइमआउट लागतो. थ्रेडमध्येही सेट-रीड-टाइमआउटने जमतं, पण पूर्ण मेसेजलाही मर्यादा हवी असेल तर वर सांगितलेला उरलेल्या वेळेचा हिशेब आलाच.

यातला एक बारकावा दोन्ही पद्धतींत लागू आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. घाट संपला, यंत्राने नवं कनेक्शन केलं, आणि हॅशमॅपमध्ये त्या यंत्राच्या नावासमोर नवा सेंडर (त्या कनेक्शनला आदेश पाठवायचं टोक) बसला. मग दोन मिनिटांनी जुन्या कनेक्शनची वेळ संपते. जाता जाता ते 'माझी नोंद काढा' म्हणून त्याच नावाची नोंद पुसतं, आणि जिवंत कनेक्शन यादीतून गायब होतं. यंत्राकडून डेटा येत राहतो, त्याला आदेश मात्र पाठवता येत नाही. म्हणून प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा वाढता क्रमांक द्या, आणि नोंद काढताना तो जुळतो का ते तपासा.

मायो आणि बाकीचे

मायो हा टोकियोच्या तळाशी असलेला थर. ईपोल, केक्यू आणि विंडोजची यंत्रणा यांच्यावर एकसारखं आवरण, बस. टायमर तुमचे, बफर तुमचे, अर्धवट गेलेल्या लिखाणाचा हिशेब तुमचा. सूचना बदल झाल्यावर एकदाच येते, म्हणून वुड-ब्लॉक येईपर्यंत वाचावंच लागतं. मध्येच थांबलात तर उरलेला डेटा पडून राहतो आणि पुन्हा कोणी कळवत नाही. प्रॉक्सी लिहिणारे, लायब्ररी लिहिणारे, मेमरीचा प्रत्येक बाइट मोजणारे यांच्यासाठी ते योग्य आहे. वरच्या दोन्ही कामांसाठी नाही.

असिंक-एसटीडी ही टोकियोसारखी दुसरी लायब्ररी नव्या कामात घेऊ नका. 2025 मध्ये त्याचं काम थांबलं, आणि त्याचे कर्तेच स्मोल या आणखी एका असिंक लायब्ररीकडे बोट दाखवतात. आयओ-यूरिंग ही वाचण्या-लिहिण्याची कामं कर्नलकडे सोपवायची सोय लिनक्स 5.1 पासून आहे आणि फाइलच्या कामात आकर्षक आहे. पण त्यात बफर काही काळ कर्नलच्या ताब्यात जातो, आणि फ्युचर केव्हाही टाकून देता येण्याच्या रस्टच्या पद्धतीशी ते सहज जुळत नाही. शिवाय डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाच्या) सध्याच्या मूळ सुरक्षा प्रोफाइलमध्ये ते बंद असतं.

मधल्यांनी काय करावं

दोन-तीनशे कनेक्शनच्या मधल्या पट्ट्यात संख्येवरून निर्णय होत नाही. तीन गोष्टी पाहा. एकाच सॉकेटवर वाचणं आणि लिहिणं आपापल्या गतीने चालणार आहे का? पूर्ण मेसेजला वेळेची मर्यादा हवी का? बाहेरच्या कारणावरून, म्हणजे लॉगिन रद्द झालं किंवा नवी आवृत्ती चढवायची आहे म्हणून, कनेक्शन तोडावं लागेल का? यातल्या दोन गोष्टींना होकार असेल तर टोकियो घ्या, कनेक्शन पन्नास असली तरी. एकच असेल आणि तुमची डेटाबेस लायब्ररी ब्लॉकिंग असेल, तर थ्रेडवर राहा.

कुठलीही बाजू घेतली तरी मेसेज उलगडणारा कोड सॉकेटपासून वेगळा लिहा. बाइट घेणारं आणि 'मेसेज पूर्ण', 'अजून बाइट हवेत' किंवा 'चूक' असं उत्तर देणारं एक साधं फंक्शन. त्यात ना स्ट्रीम, ना अवेट. त्याची चाचणी नेटवर्कशिवाय होते, सिलेक्टमधला बफरचा प्रश्न त्यातच सुटतो, आणि उद्या थ्रेडवरून टोकियोवर जायचं ठरलं तर फक्त बाहेरचा लूप बदलावा लागतो.