रायटिंग सेंटर: दोन युनिव्हर्सिट्या, तीन सेमिस्टर आणि एक ब्लॉक झालेलं अकाउंट

ऐन फायनल्सच्या आठवड्यात माझं अकाउंट ब्लॉक झालं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर रिव्ह्यू वगैरे लिहिणारा माणूस मी नाही. अमेरिकेत शिकायला आलेल्यांना रायटिंग सेंटर काय असतं ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, युनिव्हर्सिटीतली अशी जागा जिथे आपण लिहिलेला पेपर ट्यूटरसोबत बसून वाचायचा आणि त्यावर बोलायचं. मास्टर्सला एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत दोन सेमिस्टर वापरलं, आता पीएचडीला एका छोट्या प्रायव्हेटमध्ये तिसरं चालू आहे. वेगळे पैसे पडत नाहीत, फीमध्येच धरलेलं असतं, म्हणजे आपण भरलेत, मग सोडायचं कशाला हा माझा साधा हिशोब.

आधी ब्लॉकचं सांगतो. इथे दहा मिनिटं उशीर झाला की नो-शो, आणि दोन नो-शो झाले की सेमिस्टर संपेपर्यंत बुकिंग बंद. पहिला माझाच, झोपलो होतो, मान्य. दुसरी अपॉइंटमेंट ऑनलाइन होती, मी कॉन्फरन्ससाठी शिकागोला, युनिव्हर्सिटी ईस्टर्न टाइमवर, शिकागो एक तास मागे, ईमेलमध्ये नुसतं 'तीन वाजता', मी शिकागोच्या तीनला लिंक उघडली तर तिकडे चार वाजलेले. मेल केला तर उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखाच. अरे पण वेळेपुढे 'ईस्टर्न' एवढा एक शब्द टाकायला काय जातं? ऑनलाइन सर्व्हिस देता म्हणजे माणूस दुसऱ्या टाइमझोनमध्ये असू शकतो हे गृहीतच धरायला पाहिजे ना.

असो. तुलना करायची तर खरा फरक मिनिटांचा आहे. सरकारीत स्लॉट तीस मिनिटांचा. पाच मिनिटं फॉर्ममध्ये, पाच 'असाइनमेंट काय, ड्यू कधी, काळजी कशाची वाटते' यात, उरली वीस. डबल-स्पेस एक पान मोठ्याने वाचायला दोन मिनिटं लागतात, मधे बोलणं धरलं तर चार पानं होतात. माझा पेपर अठरा पानांचा! प्रायव्हेटमध्ये पंचेचाळीस मिनिटं मिळतात आणि फॉर्म घरूनच भरता येतो, इथेच ते जिंकलं.

आणि 'आम्ही प्रूफरीडिंग करत नाही' हे वाक्य दोन्हीकडे भिंतीवर. सुरुवातीला डोकंच फिरायचं. मग कळलं की हा यांचा आळस नाही, या लोकांचं ब्रीदच आहे. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ या प्राध्यापकांचा रायटिंग सेंटरवर एक लेख आला, त्यात त्यांनी म्हटलं की आमचं काम पेपर सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं, आणि ट्यूटरच्या ट्रेनिंगमध्ये ते अजून सांगितलं जातं. ऐकायला छान आहे, पण मराठीत 'ए' आणि 'द' असली आर्टिकल नसतातच त्याचं काय? सरकारीतला ट्यूटर, बीएचा पोरगा, स्वभावाने फार चांगला, म्हणायचा 'इथे द पाहिजे, नाहीतर कानाला खटकतं'. बाबा रे, तुझ्या कानाला खटकतं, माझ्या कानाला सगळंच गोड लागतं. इथल्या ट्यूटरबाई परदेशी विद्यार्थ्यांनाच शिकवतात, त्यांनी समजावलं की पहिल्यांदा येतं तेव्हा 'ए', तेच परत आलं की बहुतेकदा 'द', आणि 'रिसर्च', 'एव्हिडन्स', 'इक्विपमेंट' यांना एस लावायचा नाही. माझ्या पेपरात 'एव्हिडन्सेस' अकरा वेळा होतं!

लेखी फीडबॅकबद्दल मी मित्रांना सांगत सुटलो होतो की हेच बेस्ट, पेपर अपलोड करा, दोन-तीन दिवसांत कमेंट येतात, कोणासमोर वाचायची लाज नाही. ते आता मागे घेतो. कमेंट आल्या तेवढ्या दुरुस्त केल्या आणि पुढच्या पेपरात त्याच चुका परत. समोर बसून वाचताना मात्र एक वाक्य आलं, त्रेसष्ट शब्दांचं, माझा दम संपला पण क्रियापद काही येईना. बाई काही बोलल्या नाहीत, मीच पेन उचलून त्याचे तीन तुकडे केले. मराठीत क्रियापद शेवटी असतं, तीच सवय इंग्रजीत उतरते हे मला तिथे कळलं.

बाकी किरकोळ. प्रोफेसरला रिपोर्ट जावा की नाही हे फॉर्ममध्ये विचारतात, नीट वाचून टिक करा. साइटेशनसाठी, म्हणजे संदर्भ कसे द्यायचे यासाठी, स्लॉट अजिबात घालवू नका, पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं आउल (लेखनाची मदत देणारी वेबसाइट) १९९४ पासून ऑनलाइन आहे, सगळ्यांना फुकट, संदर्भ द्यायच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती तिथे उदाहरणांसकट मिळते. आणि हो, आर्टिकल चॅटजीपीटी सेकंदात लावून देतं हे मलाही माहितीये, पण आमच्या डिपार्टमेंटमध्ये वापरलं तर लिहून द्यावं लागतं, म्हणून नको.

अपडेट: ब्लॉक फक्त ऑनलाइन बुकिंगला असतो, ड्रॉप-इनला, म्हणजे बुकिंग न करता थेट जायला, नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. डेस्कवरच्या मुलीने सहज सांगितलं. काल उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. पहिल्या स्लॉटवाला आलाच नाही, दहा मिनिटं वाट बघून तिने त्याच्या नावापुढे नो-शो टाकलं आणि मला आत सोडलं. वाईट वाटलं त्याचं, बिचारा शिकागोला असेल. पण पस्तीस मिनिटं मिळाली, साडेसहा पानं झाली.