टोलची पावती खोटी निघाली तेव्हा

जून २०२४ मध्ये आई-बाबा पहिल्यांदाच कोल्हापूरहून आमच्याकडे म्युनिकला आले होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आल्यामुळे त्यांना वेगळा व्हिसा काढावा लागणार नव्हता, म्हणून आमच्याच गाडीने तिथल्या समुद्रकाठच्या ओपातियाला जायचं ठरलं. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग आणि फिलाख, कारावांकनचा बोगदा, स्लोव्हेनियातलं ल्युब्लियाना आणि मग खाली समुद्राकडे. सगळं मिळून साधारण ५०० किलोमीटर. या प्रवासात आमची जी फसवणूक झाली ती इतकी साधी आहे की उद्या कुणाचीही होऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडीच्या तयारीत आम्ही काही कसर ठेवली नव्हती. दोन आठवडे आधी गॅरेजमध्ये ब्रेक, टायर, ऑइल, एसी सगळं तपासून घेतलं. प्रथमोपचार पेटीची मुदत संपली होती, ती नवी आणली. सावधानतेचा त्रिकोण होताच. चमकणारी जॅकेटं पाच माणसांसाठी पाच घेतली आणि डिकीत न टाकता सीटखाली ठेवली, कारण ऑस्ट्रियात महामार्गावर गाडी बंद पडली तर जॅकेट घालूनच बाहेर यावं लागतं. नोंदणीपत्र, लायसन्स, विम्याचं ग्रीन कार्ड (नाव ग्रीन असलं तरी आता ते पांढऱ्या कागदावर छापून मिळतं) हे सगळं एका फाइलमध्ये. बाबांनी वहीच्या पानावर यादी करून एकेक गोष्टीपुढे बरोबरची खूण केली होती. खूण व्हायची राहिलेली एकच ओळ होती : विन्येट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात महामार्गावर जागोजागी टोलनाके नसतात. ठरावीक दिवसांचा पास आधी घ्यायचा, तेच विन्येट. पूर्वी काचेवर स्टिकर लावायचे. ऑस्ट्रियात आता डिजिटल विन्येटही मिळतं, तर स्लोव्हेनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून गाड्यांसाठी स्टिकर बंदच केलं. डिजिटल विन्येट म्हणजे तुमच्या गाडीचा नंबर सरकारी यादीत चढलेला असणं. बाकी कागद, पीडीएफ, ईमेल याला काही किंमत नाही. हे वाक्य मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर!

निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता, बॅगा भरून झाल्यावर, मी मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर बोट ठेवलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं. पान अगदी नीटनेटकं होतं. शुद्ध जर्मन भाषा, ऑस्ट्रियाच्या झेंड्याचे लाल-पांढरे रंग, डोंगरातल्या महामार्गाचा फोटो, ‘तत्काळ वैध’ असा शिक्का आणि वर उलटं मोजणारं घड्याळ. गाडीचा नंबर, देश, तारीख विचारली. दोन्ही देशांची विन्येटं एकाच वेळी मिळतात म्हणून मला बरंच वाटलं. ५८ युरो ८० सेंट कापले गेले. दोन मिनिटांत ईमेलवर पीडीएफ आली. त्यावर आमचा नंबर, तारखा आणि क्यूआर कोड होता. बाबांनी वहीत शेवटची खूण केली.

खरी किंमत तेव्हा किती होती? ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं विन्येट ११ युरो ५० सेंट आणि स्लोव्हेनियाचं सात दिवसांचं १६ युरो. दोन्ही मिळून साडेसत्तावीस. मी दर आधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे दुपटीहून जास्त पैसे जाताहेत हे खटकलं नाही. पानाच्या तळाशी फिकट करड्या रंगात ‘आमचा कोणत्याही महामार्ग कंपनीशी संबंध नाही’ अशी ओळ होती. तिथपर्यंत मी गेलेच नाही.

पहाटे पाचला निघालो. ऑस्ट्रिया मजेत पार झालं. टाउर्न आणि कारावांकनच्या बोगद्यांचा टोल वेगळा भरावा लागतो, तो विन्येटमध्ये धरलेला नसतो. तो आम्हाला माहीत होता, भरला. कारावांकनचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा संपून स्लोव्हेनियात बाहेर पडलो आणि थोड्याच वेळात तपासणीवाल्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. अधिकाऱ्याने हातातल्या यंत्रावर आमचा नंबर टाकला, मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाला, या गाडीला विन्येट नाही. मी मोबाइल पुढे केला. त्याने शांतपणे पीडीएफवरचा क्यूआर कोड आपल्या फोनने स्कॅन केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर त्याच संकेतस्थळाचं पहिलं पान उघडलं होतं, तेच उलटं मोजणारं घड्याळ चालू होतं. ‘असे कागद आम्ही खूप बघतो,’ एवढंच तो म्हणाला.

दंड ३०० युरो. लगेच भरला तर निम्मा. माझं कार्ड त्यांच्या मशीनवर दोनदा नाकारलं गेलं आणि नवऱ्याचं पाकीट डिकीतल्या बॅगेत तळाशी होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबांचा हात पुढे आला. कोल्हापुरातून बदलून आणलेल्या पन्नास-पन्नासच्या तीन नोटा. ‘असू दे, भरून टाक,’ म्हणाले. आई काहीच बोलली नाही. मला स्टिअरिंगकडे बघत बसण्यापलीकडे काही सुचेना. मग तिथेच सरकारी दार्स कंपनीच्या संकेतस्थळावरून १६ युरोचं खरं विन्येट काढलं आणि पुढे निघालो.

ओपातियात पोचल्यावर रात्री ऑस्ट्रियाचंही तपासलं. तिथल्या आस्फिनाग या सरकारी महामार्ग कंपनीची एक खुली यादी आहे. देश आणि गाडीचा नंबर टाकला की विन्येट आहे की नाही, कधीपासून कधीपर्यंत आहे, ते कुणालाही दिसतं. आमच्या नंबरपुढे काहीच नव्हतं. म्हणजे येताना सगळा ऑस्ट्रिया आम्ही विनापास ओलांडला होता. परतीसाठी आस्फिनागकडून ११ युरो ५० सेंटचं विन्येट घेतलं. नोंद यादीत दिसली तेव्हाच झोपले.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. कॅमेऱ्याने काढलेला आमच्या गाडीचा फोटो आणि १२० युरो भरा अशी सूचना. हे मुदतीत भरलं नाही तर पुढचा दंड ३०० ते ३००० युरोंच्या घरात जातो, म्हणून निमूट भरले. हिशेब मांडला तर साडेसत्तावीस युरोंच्या जागी ३५६ युरो ३० सेंट गेले. त्या संकेतस्थळाने ‘आम्ही सेवाशुल्क घेतो, परतावा नाही’ असं ठरावीक उत्तर पाठवलं. बँकेत कार्डावरच्या व्यवहाराबद्दल तक्रार नोंदवली. पीडीएफ, ईमेल आणि आस्फिनागच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला आणि सात आठवड्यांनी ५८ युरो ८० सेंट परत आले. दंड मात्र परत मिळत नाही, कारण गाडीला पास नव्हता हे खरंच आहे. जर्मनीत राहणाऱ्या कुणाचं असं झालं तर केल इथल्या युरोपीय ग्राहक केंद्रात मोफत सल्ला मिळतो. मी तिथेही कळवलं.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रियाचं दोन महिन्यांचं किंवा वर्षाचं विन्येट खाजगी ग्राहकाने ऑनलाइन घेतलं तर ते अठराव्या दिवसापासून लागू व्हायचं, कारण खरेदी रद्द करण्याची मुदत मध्ये यायची. अशा विन्येटवरही ‘तत्काळ वैध’ लिहून विकणारी पानं मी नंतर पाहिली.

हा किस्सा सांगितल्यावर पुण्याहून आलेल्या एका ओळखीच्या काकांनी आपलं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ दाखवलं. चकचकीत प्लास्टिकचं कार्ड, तीन वर्षांची मुदत, ऑनलाइन मागवलेलं. मला पोटात धस्स झालं. भारतातलं खरं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून मिळतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४-ए भरायचा, शुल्क १००० रुपये, आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. काकांनी त्या कार्डासाठी त्याच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. सुदैवाने त्यांनी अजून गाडी हातात घेतली नव्हती.

नाताळच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण स्वित्झर्लंडला जाल. तिथेही १ ऑगस्ट २०२३ पासून डिजिटल विन्येट मिळतं. किंमत ४० फ्रँक, आणि ते फक्त वर्षाचं असतं. दहा दिवसांचं स्विस विन्येट अस्तित्वातच नाही. ते कुणी विकत असेल तर पान तिथेच बंद करा.