बीपीचा वर्ग, घरच्यांसकट: मिठाचा हिशोब चोख, मशीनचा कफ मात्र एकाच मापाचा

लालबागमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात दर शनिवारी सकाळी बीपीच्या पेशंटसाठी तासाभराचा वर्ग भरतो. फी नाही, केसपेपर पुरतो. अट एकच, पेशंटने एकट्याने यायचं नाही. घरात स्वयंपाक जो करतो त्याला बरोबर आणायचं. निम्मं काम या अटीनेच होतं. "मीठ कमी करा" हे डॉक्टर सांगतात आजोबांना, आणि आमटीत मीठ पडतं सूनबाईंच्या हातून.

मिठाचा भाग फारच चांगला घेतात. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. पण चमचे मोजत कोण बसणार? म्हणून सिस्टर सांगतात, मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर बॉलपेनने तारीख घाला. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले तर किलोभर मीठ ५० दिवस पुरायला हवं. पंचविसाव्या दिवशी नवी पिशवी आणायला गेलात तर दुप्पट खाताय. त्यात विकतचं लोणचं, फरसाण, खारवलेली मासळी धरलेलीच नाही. पापडात तर मीठही असतं आणि पापडखारही, सोडियम दोन्हींत. कणकेत मीठ घालणं आधी बंद करा, हा त्यांचा सल्ला सोपा आहे. भाजीबरोबर चपातीचा अळणीपणा कुणाला कळतही नाही.

खटकलं ते एवढंच की कमी सोडियमचं मीठ सरसकट सगळ्यांना सुचवतात. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. हे वर्गात ठणकावून सांगायला हवं होतं.

बीपी मोजायला घरच्यांच्याच हाती मशीन देतात. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, दंड छातीच्या पातळीत, कफ, म्हणजे मशीनचा गुंडाळायचा पट्टा, उघड्या दंडावर. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं. मोजताना गप्पा बंद, "आज किती आलं हो?" हेही नंतर. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि रात्री तसंच. असं सात दिवस करायचं, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

इथली उणीव म्हणजे कफ एकाच मापाचा. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच चढा येतो आणि घरभर घबराट. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा आणि कफवर छापलेल्या मापाशी ताडून पाहा.

गोळ्यांबाबत सिस्टर एका मावशींना म्हणाल्या ते सगळ्यांनी ऐकावं असं: "डब्यात गोळी नाही म्हणजे ती पोटात गेली असं नाही, मावशी. पाण्याचा ग्लास तुम्ही द्या." आकडा १२०/८० आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळेच आलाय. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजले तर डॉक्टरांना सांगायचं, परस्पर सोडायची नाही. चुकलेल्या गोळीसाठी पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. गुडघेदुखीवर मेडिकलवाल्याकडून आणलेल्या डायक्लोफिनॅकने बीपी वाढतं, हे बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

१८०/१२० च्या वर आकडा आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, असं झालं तर सरळ १०८. जिभेखाली कुणाची उरलेली बीपीची कॅप्सूल फोडायची नाही. बीपी एकदम कोसळतं.

वेळ मात्र चुकलीय. शनिवारी सकाळी अकराला डोंबिवली-विरारहून ऑफिस गाठणारे मुलगे कसे येणार? वर्गाला बायका आणि सुनाच दिसतात, म्हणजे मिठापासून गोळीपर्यंत सगळं पुन्हा त्यांच्याच गळ्यात. रविवारी एखादी बॅच ठेवायला हरकत नसावी.

जाताना स्वतःचं मशीन आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. मशीन दवाखान्यातल्या मशीनशी ताडून देतात, आणि ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.