गुडरीड्स: तारे, अभिप्राय आणि न लिहिलेली परीक्षणे

पुस्तक घेण्यापूर्वी गुडरीड्स या, वाचक जिथे पुस्तकांना तारे आणि अभिप्राय देतात त्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकणे ही आता जगभरातल्या असंख्य वाचकांची सवय झाली आहे. २००७ साली सुरू झालेली आणि २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीची असलेली ही सेवा विनामूल्य आहे. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्यासाठी ती उत्तम आहे, आणि बाजारात मिळेनाशा झालेल्या पुस्तकाबद्दलही तिथे कुणीतरी चार ओळी लिहून ठेवलेल्या सापडतात. हे गुण निर्विवाद आहेत. मात्र बहुतेक वाचक तिथे जातात ते पुस्तक घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी, आणि त्या कामी ही सेवा कितपत भरवशाची आहे, एवढ्याच अंगाने मी तिचे परीक्षण करत आहे.

सर्वप्रथम डोळ्यांत भरते ती ताऱ्यांची सरासरी. गुडरीड्सच्या मोजपट्टीत एक तारा म्हणजे ‘आवडले नाही’, दोन म्हणजे ‘ठीक’, तीन म्हणजे ‘आवडले’, चार म्हणजे ‘खूप आवडले’ आणि पाच म्हणजे ‘अप्रतिम’. नापसंतीसाठी या पट्टीत एकच पायरी आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ वाचक आणि जवळजवळ सगळेच लेखक दोन तारे हा अपमान समजतात, त्यामुळे देणाऱ्याच्या मनात त्या आकड्याचा एक अर्थ असतो आणि पाहणाऱ्याच्या मनात दुसराच. त्यात भर अशी की, पुस्तकाच्या मुख्य पानावर दिसणारी सरासरी ही सर्व आवृत्त्यांची आणि सर्व अनुवादांची मिळून असते. एखादा अनुवाद ओबडधोबड असेल, त्यात परिच्छेदच्या परिच्छेद गाळलेले असतील, तरी त्याच्यापुढे झळकणारा आकडा प्रामुख्याने मूळ भाषेत वाचणाऱ्यांनी दिलेला असतो. आवृत्तीनुसार अभिप्राय वेगळे काढून पाहता येतात, परंतु तिथपर्यंत फारच थोडे लोक जातात. अनुवाद निवडताना मला नेमकी याच ठिकाणी मदत हवी असते, आणि अनुवादकाच्या कामाला स्वतंत्र दाद किंवा दोष देण्याची सोयच तिथे नाही.

विकतच्या आणि बनावट स्तुतीबद्दल बरेच लिहिले गेले आहे. ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजीस यांनी ॲमेझॉनवर टोपणनावाने स्वतःच्या पुस्तकाची प्रशंसा आणि समव्यवसायी इतिहासकारांच्या पुस्तकांची निंदा केल्याचे २०१० साली उघड झाले. स्वतःच प्रकाशित केलेली ई-पुस्तके दहा लाखांहून अधिक विकणाऱ्या जॉन लॉक या लेखकाने शेकडो अभिप्राय पैसे देऊन मिळवल्याचे २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले. ही खोड इंटरनेटमुळे लागलेली नाही. अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ मध्ये स्वतःच्या कवितासंग्रहाची परीक्षणे निनावी लिहिली होती. ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला, हे चांगलेच झाले.

मला मात्र याहून अधिक काळजी वाटते ती न लिहिल्या गेलेल्या परीक्षणांची. प्रकाशनापूर्वी परीक्षणासाठी प्रत पाठवणे ही ग्रंथव्यवहारातील जुनी रीत आहे, आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनने मोफत वस्तूंच्या बदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांना मनाई केली, तेव्हा पुस्तकांच्या अशा प्रतींना त्यातून वगळले, ते मला योग्य वाटते. मोफत मिळालेल्या प्रतीचा उल्लेख अभिप्रायात केलाच पाहिजे, असा गुडरीड्सचाही नियम आहे. परंतु हा नियम लिहिणाऱ्याला बांधतो, गप्प बसणाऱ्याला नाही. पुढच्या वेळी प्रत मिळणार नाही, लेखिका ओळखीची आहे, तिचे चाहते तुटून पडतील, अशा कारणांनी ज्याने न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहिण्याचे टाळले, त्याचे मत सरासरीत कुठेच येत नाही. १९३३ पासून चालत आलेल्या कर्कस या परीक्षणसंस्थेची, स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकांसाठी शुल्क आकारून परीक्षण देणारी एक सेवा आहे. पैसे भरले म्हणून परीक्षण अनुकूल येईल अशी हमी ती देत नाही, आणि हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण परीक्षण प्रतिकूल आले तर ते प्रसिद्ध न करण्याची मुभा लेखकाला असते. अशा व्यवस्थेत प्रत्येक परीक्षण सुटे घेतले तर खरे असू शकते, आणि तरीही वाचकापुढे येणारे एकूण चित्र खोटे असते.

प्रतिकूल अभिप्राय असे दुर्मीळ झाले की त्यांचे वजन वाढते. ज्युडिथ शेव्हेलिए आणि दिना मेझलिन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल या दोन विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवरील पुस्तकांची तुलना केली होती. दोन्हीकडचे अभिप्राय बहुतांशी अनुकूल होते, आणि विक्रीवर पाच ताऱ्यांच्या अभिप्रायापेक्षा एका ताऱ्याच्या अभिप्रायाचा परिणाम अधिक होत असल्याचे त्यांना आढळले. एका ताऱ्याची ही ताकद ओळखूनच त्याचा शस्त्रासारखा वापर होऊ लागला. जून २०२३ मध्ये अमेरिकी लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी रशियात घडणाऱ्या आपल्या आगामी कादंबरीची घोषणा करताच गुडरीड्सवर तिला शेकडो एकतारी रेटिंग मिळाली, आणि त्यांनी तिचे प्रकाशन लांबणीवर टाकले. रशियाशी युद्ध चालू असताना अशा कादंबरीच्या घोषणेने युक्रेनी वाचकांना झालेले दुःख खरे होते आणि ते मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. प्रश्न सेवेचा आहे: कुणाच्याच हाती न पडलेल्या पुस्तकाला तारे देण्याची सोय तिने का ठेवावी? त्याच वर्षाच्या अखेरीस गुडरीड्सने, असा मारा सुरू झाला की त्या पुस्तकाची रेटिंग तात्पुरती थांबवण्याची व्यवस्था केली. प्रकाशनाच्या दिवसापर्यंत तारे बंद ठेवून केवळ लिखित अभिप्राय स्वीकारणे अधिक सोपे आणि अधिक न्याय्य ठरले असते, असे मला ठामपणे वाटते.

अभिप्राय म्हणून काय वाचायला मिळते, तेही पाहण्यासारखे आहे. ‘ओघवती भाषा, जिवंत पात्रे, शेवटपर्यंत खिळवून ठेवणारे कथानक’ हे शब्द कोणत्याही कादंबरीखाली चिकटवता येतात, आणि चिकटवलेले दिसतातही. याउलट, चौथ्या प्रकरणात निवेदक बदलतो तिथून आपले लक्ष उडाले, अर्ध्यावर पुस्तक बाजूला ठेवले, म्हणून तारे दिलेले नाहीत, असे एखादा वाचक लिहितो, तेव्हा निवेदक बदललेला ज्याला आवडतो तो त्याच अभिप्रायावरून पुस्तक मागवू शकतो. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहिण्यात गैर काही नाही. अर्धवट वाचल्याचे लपवण्यात आहे.

ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, याविषयी आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे सुधारणेची सुरुवात अगदी शून्यातून करावी लागणार नाही. परीक्षकांना खऱ्या नावाची सक्ती करावी, असे मी म्हणणार नाही. टाइम्स लिटररी सप्लिमेंट या ब्रिटिश परीक्षणपत्राने १९७४ मध्ये निनावी परीक्षणांची प्रथा सोडली ते योग्यच झाले, परंतु तिथले परीक्षक मानधन घेणारे जाणकार होते. सामान्य वाचकाला संतापलेल्या लेखकापासून टोपणनावाचेच संरक्षण असते. नावाऐवजी तीन रकाने सक्तीचे असावेत: कोणती आवृत्ती वाचली, पूर्ण वाचली का, आणि प्रत कुणाकडून मिळाली. लेखकाशी किंवा प्रकाशकाशी संबंध असल्यास तो सांगण्याची जागाही तिथेच असावी. मोफत प्रतीचा उल्लेख सोडला, तर यातले बाकी सारे आज अभिप्राय लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. म्हणून सरासरीचा आकडा नजरेआड करून, आपण वाचलेल्या पाच-सहा पुस्तकांबद्दल कुणी काय लिहिले आहे ते आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे, ज्यांची नापसंतीही पटते असे दोन-तीन परीक्षक निवडावेत आणि त्यांच्याच नोंदींवर लक्ष ठेवावे. एवढ्या वापरासाठी मी गुडरीड्सची शिफारस करतो.