खेळण्यातलं एटीएम: स्क्रीनवर लखपती, आत एक नोट

मुलीसाठी घेतलेला हा एटीएमच्या आकाराचा गल्ला दिसायला अगदी बाजारू आहे. भडक रंग, हलकं प्लास्टिक आणि नोट आत घेताना मिक्सरसारखी घरघर. तरीही मी त्याला पाचपैकी चार देते. ‘पैसे नाहीत काय म्हणतेस, मशीनमधून काढ ना!’ याला इतके दिवस माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आता निदान दाखवायला काहीतरी आहे.

वरच्या फटीत नाणं टाकायचं. समोरच्या खाचेशी नोट धरली की आतलं चाक ती ओढून घेतं. चार आकडी कोड दाबला की दार उघडतं. नोट कितीची आहे हे मात्र मशीनला कळत नाही, तो आकडा आपणच बटणं दाबून भरायचा. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी तक्रार करायच्या बेतात होते.

पण खरी मजा तिथेच निघाली. लेकीने एक नोट सरकवली आणि बोट दुखेपर्यंत नऊ दाबले. स्क्रीनने निमूट मान्य केलं. बाईसाहेब घरभर नाचल्या, बाबांना नोकरी सोडायला सांगून आल्या. मग दार उघडलं, तर आत तीच एक चुरगळलेली नोट.

“बाकीचे कुठे गेले?”

“तू टाकलेसच कुठे? नुसता आकडा दाबलास.”

बराच वेळ ती आत हात घालून चाचपत होती. क्रेडिट कार्ड समजवायची वेळ येईल तेव्हा मी इथूनच सुरुवात करणार आहे.

कोड चारच आकडी का, हेही विचारून झालं. १९६७ साली लंडनमध्ये बसवलेल्या पहिल्या मशीनचे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन सांगत, की त्यांच्या मनात सहा आकडे होते, पण बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतील. लेकीला हे फारच पटलं. तिने आपला कोड लगेच आजोबांना, मावशीला आणि शेजारच्या काकूंना सांगून टाकला. गुपित हा विषय या खेळण्याच्या आवाक्यातला नाही.

दहाच्या एका नोटेपेक्षा पाच सुटी नाणी जास्त, हा तिचा समजही मशीनने हलवला नाही. त्याबद्दल मी गुण कापत नाही. वस्तूंच्या दोन सारख्या ओळींपैकी एक पसरून मांडली की या वयाच्या मुलांना तीच जास्त वाटते, हे मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने कधीच दाखवून ठेवलंय. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत वाद घालू नये.

एक गुण कापला तो पगारासाठी. पैसे काढायला बटण आहे, टाकायला फट आहे, पण ते मुळात येतात कुठून? “ऑफिस देतं,” म्हटलं तर उत्तर आलं, “पण तू तर नुसती फोनवर बोलत असतेस.” इथे मशीनची काही मदत होत नाही.

तीन पेन्सिल सेल लागतात, ते खोक्यात नसतात. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, ते बघूनच घ्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर नाणी मोठ्यांच्याच हातात ठेवा, कारण फटीआधी ती तोंडात जातात. भेट म्हणून देणार असाल तर सेल आणि थोडी सुटी नाणी सोबत द्या. रिकामं मशीन मिळालं तर पहिल्याच दिवशी रडारड होते.