‘वाईट सवयी : काही नाहीत’ असं लिहिलं आणि फोन आला

पाळीव प्राण्यांना नवं घर शोधून देणाऱ्या सेवेचा हा माझा अनुभव. गोट्यासाठी, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या बोक्यासाठी, मी त्यांचा फॉर्म भरला. त्यात ‘वाईट सवयी’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘काही नाहीत’. दुसऱ्या दिवशी फोन. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, वाईट सवय नसलेला बोका आमच्याकडे अजून आलेला नाही. जरा आठवून परत लिहा.”

मला रागच आला. थोराड मांजर आधीच कुणी घेत नाही, त्यात मीच त्याचे अवगुण सांगत बसू? पण लिहिले. पोटाला हात लावला की नख्या मारतो. लिटर, म्हणजे त्याच्या शी-शूची वाळू, एक दिवस साफ केलं नाही तर पायपुसण्यावर कार्यक्रम उरकतो. दाराच्या हँडलला लोंबकळून दार उघडतो. पहाटे साडेचारला नाकाशी पंजा आणून उठवतो.

द्यायची वेळ का आली, तर मुलीचा दमा. केस कापून, घर दिवसातून दोनदा पुसून, हवेचा फिल्टर लावून झाला. ही अ‍ॅलर्जी केसांची नसतेच, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुख्य दोष मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनाचा. अंग चाटून ते केसांवर वाळतं आणि घरभर उडतं. मांजर गेल्यावरही कित्येक महिने ते घरात राहतं. दोनदा नेब्युलायझर लागल्यावर मी वाद घालणं थांबवलं.

त्याआधी दिरांच्या सांगण्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मांजर मोफत देणे आहे’ टाकून पाहिलं होतं. पहिल्या गृहस्थांनी ना नाव विचारलं, ना वय. “नसबंदी झालीय का?” झालीय म्हटल्यावर फोन बंद. दुसऱ्याला ‘आजच्या आज’ न्यायचा होता, पण घरी कोण कोण असतं हे सांगायचं नव्हतं. पोस्ट त्याच रात्री काढली.

या सेवेचं स्वतःचं शेल्टर नाही. घर ठरेपर्यंत प्राणी आपल्याकडेच राहतो, आणि मला हेच बरं वाटलं. आठ वर्षं सोफ्यावर झोपलेल्या जिवाला मधल्या काळापुरतं पिंजऱ्यात ठेवायचं नव्हतं. पण घाई असेल त्यांनी हे आधीच समजून घ्यावं. आम्हाला सात आठवडे लागले. तोवर मुलगी आजीकडे आणि मी दोन घरांमध्ये. शिवाय त्यांचा फोटो चढवायचा प्रकार भयंकर आहे, चार वेळा केला तेव्हा कुठे गोट्या सरळ दिसला.

पहिलं जोडपं मला फार आवडलं होतं. दोघं तरुण, हसरे, मांजर न्यायचा पिंजरा सोबतच घेऊन आलेले. सेवेच्या स्वयंसेविकेने घरभेटीनंतर नकार कळवला : वरचा मजला, बाल्कनीला जाळी नाही. जाळी बसवा, मग बघू, असं त्यांना सांगितलं होतं. मी फोनवर भांडले, “मांजर कुठून पडतंय!” तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाखरू दिसलं की पडतं.” जोडप्याने जाळी बसवली नाही, परत फोनही केला नाही.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. फॉर्म वाचूनच आल्या होत्या. गोट्या पलंगाखाली, आणि त्या जमिनीवर बसून माझ्याशीच गप्पा मारतायत. हाक नाही, चुचकारणं नाही. वीस मिनिटांनी तो बाहेर येऊन त्यांची पिशवी हुंगायला लागला. “साडेचारला मी उठतेच,” त्या म्हणाल्या, “आणि आमच्याकडे दारांना गोल मुठी आहेत.”

सोबत काय द्यायचं याची यादी सेवेने दिली होती आणि ती खरंच विचार करून बनवलेली आहे. लसीकरणाचं कार्ड, जंताच्या औषधाची शेवटची तारीख, डॉक्टरांचे जुने कागद, दहा दिवस पुरेल इतकं नेहमीचं खाणं, म्हणजे नवं त्यात हळूहळू मिसळता येतं. आणि त्याची गोधडी, न धुतलेली. मी धुवायला टाकलीच होती, मशीनमधून कोरडीच परत काढली. वास गेला असता तर ती नुसतंच फडकं झाली असती.

पहिल्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. स्वयंसेविकेने दोघींना बजावलं होतं : लपू दे, पण दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर डॉक्टर गाठा, मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं. रात्री अकराला मेसेज आला, “वाटी रिकामी. तो कपाटामागे.”

करारात दोन आठवड्यांची चाचणी होती, आणि पुढे कधीही जमलं नाही तर गोट्याला परस्पर कुणाला न देता आधी आम्हाला कळवायचं, असं कलमही.

एक स्टार कापतेय तो मायक्रोचिपसाठी. चिप म्हणजे मांजराच्या कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी, तिच्यात फक्त एक नंबर असतो. मालक कोण हे त्या नंबरच्या नोंदीवरून कळतं, ठावठिकाणा तर कळतच नाही. ही नोंद बदलून घ्या, असं एवढ्या मोठ्या यादीत कुठेच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात गोट्या उघड्या खिडकीतून सटकला, कुणीतरी दवाखान्यात नेला, चिप स्कॅन झाली आणि फोन मला आला. “तुमचं मांजर सापडलंय.” मी “हो, माझंच,” म्हणून पर्स उचलून निघालेही होते. जिन्यात थांबून शिक्षिकाबाईंना फोन लावला.

संध्याकाळी त्यांनी नोंद बदलायचा अर्ज केला. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. पहिला माझ्या हातातच बाद झाला. दुसरा मी सांगितला.